मे महिन्यात बंदुकीला गंज कसा चढतो?

दर्यापूर तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांची बारा बोअरची, बाहेर घोडे असलेली दुनळी आणि भिंतीवर टांगलेली एक ठासणीची, अशा दोन बंदुका वाड्यात आहेत. चालवायच्या नाहीत, नीट जपायच्या आहेत. दुनळी चामड्याच्या कव्हरात घालून झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवतात. तिच्या नळ्या तपकिरी आहेत, त्यांवर वेटोळ्यांची नक्षी दिसते. दरवर्षी खोबरेल तेल लावूनही लाल ठिपके येतातच, आणि यंदा तर पाऊस पडायच्या आत, मे महिन्यातच आले. ओळखीचे एक जण म्हणतात, पॉलिश पेपरने नळ्या घासा आणि शहरातून नवी ब्ल्यूइंग, म्हणजे नळ्यांवरचा निळसर काळा थर, मारून आणा. तेव्हा तेल कोणतं चांगलं आणि ब्ल्यूइंग कोणाकडून करावी, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, तेलाचं नाव एका ओळीत सांगता येईल, पण त्याने ठिपके थांबणार नाहीत. परतवाड्याकडे आमचं परवान्याचं बंदूक दुरुस्तीचं काम आहे, वडिलांपासूनचं. वाड्यांमधल्या जुन्या बंदुका माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकींना तेल कमी पडलेलं नसतं, उलट जास्त झालेलं असतं. तुमच्या बाबतीत विचारायला हवं ते हे: बंदुकीला ओल कुठून मिळते? आणि नळ्यांवरचा तो तपकिरी रंग गंज आहे की कारागिराने दिलेला? या दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत पॉलिश पेपर घरात आणू नका.

त्याच्याही आधी भिंतीवरच्या ठासणीच्या बंदुकीबद्दल. ती भरलेली नाही याची खात्री कोणी, केव्हा केली होती? जुन्या काळी रानडुकरासाठी भरून ठेवलेली बंदूक तशीच टांगलेली राहते, माणूस जातो, आणि पुढच्या पिढीला ती शोभेची वस्तू वाटते. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेटते. आधी निपलवर, म्हणजे बुडाशी घोडा जिथे आपटतो त्या लहान नळकांडीवर, दारू पेटवणारी तांब्याची टोपी बसलेली नाही ना ते पाहा. असेल तर घोड्याला हात लावू नका आणि तिथेच थांबा. टोपी नसेल तर नळीचं तोंड माणसांपासून दूर धरून आत गज हळूच सोडा, तोंडाशी गजावर खूण करा. मग तोच गज बाहेरून नळीला लावून धरा. खूण नळीच्या तोंडाशी ठेवली की गजाचं टोक नळीच्या बुडाशी, निपलच्या जवळ यायला हवं. ते दोन-चार बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. कुंभारमाशीचं मातीचं घर असू शकतं, तसाच भरलेला बारही असू शकतो. घरी उकरू नका, तापवू नका, गरम पाणी ओतू नका. ठाण्यात कळवा आणि परवानाधारक कारागिराला आहे तशी दाखवा.

कागदपत्रांबद्दल दोनच वाक्यं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्या धरून. तुमच्या दोन्ही परवान्यावर चढलेल्या असतील तर प्रश्न नाही. भिंतीवरची चढलेली नसेल तर ‘जुनी आहे, तिला कोण विचारतो’ असं धरून चालू नका, आधी ते मिटवा.

आता नळ्या. तपकिरी रंग आणि वेटोळ्यांची नक्षी म्हणजे त्या दमास्कस नळ्या असण्याची शक्यता फार मोठी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळायच्या, मग ती पिळलेली पट्टी एका दांड्याभोवती गुंडाळायची आणि तापवून ठोकून सांधायची, अशा त्या घडवत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून आणि बेल्जियममधल्या लीजहून अशा दुनळ्या आपल्याकडे भरपूर आल्या. नळ्या बिजागरीवर खाली वाकवून उघडल्या की बुडाच्या सपाट भागावर शिक्के दिसतील. लंबगोल चौकटीत ई-एल-जी अशी अक्षरं असली तर ती लीजची.

ही नक्षी उठून दिसावी म्हणून कारागीर नळीला मुद्दाम गंज चढवत. स्वच्छ केलेल्या नळीवर आम्ल आणि क्षारांचं पातळ द्रावण लावायचं, दमट खोलीत ठेवायचं, वर आलेला लाल भुगा ब्रशने काढायचा, पुन्हा लावायचं. अशा अनेक फेऱ्यांनी घट्ट, गुळगुळीत, तपकिरी थर तयार होतो. लोखंडावर आणि पोलादावर या द्रावणाचा परिणाम सारखा होत नाही, म्हणून एक रेघ गडद, दुसरी फिकी. तुमचे स्नेही जे घासून काढायला सांगताहेत तो बहुधा हाच थर आहे. पॉलिश पेपरचे चार हात मारले की नक्षी पुसट होते, शिक्के बुजतात, कडा गोल होतात, आणि संग्राहकाच्या दृष्टीने बंदुकीची निम्मी किंमत तिथेच जाते. तो थर परत चढवता येतो, पण शिक्के आणि कडा परत येत नाहीत.

विसाव्या शतकातल्या नळ्यांवरचं निळसर काळं ब्ल्यूइंगसुद्धा याच कुळातलं. तिथे चढवलेला लाल गंज उकळत्या पाण्यात घातला की त्याचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: गंज काढणारं कोणतंही आम्ल, मग ते हार्डवेअरच्या दुकानातलं रस्ट रिमूव्हर असो, लिंबू असो की चिंच, बंदुकीचा मूळ रंगही खाणारच. नको असलेला गंज कोणता आणि हवा असलेला कोणता, हे त्याला कळत नाही.

मग नको असलेला ओळखायचा कसा? पांढऱ्या सुती कापडाला तेलाचा एक थेंब लावून ठिपक्यावर हलकेच फिरवा. कापड केशरी झालं, ठिपका नखाला खरखरीत लागला, भोवती बारीक दाणे दिसले तर तो जिवंत गंज, तो वाढत राहणार. कापडावर काही आलं नाही किंवा नुसता काळपट मळ आला आणि हाताला पृष्ठभाग गुळगुळीत लागला, तर तो जुना स्थिर थर. त्याला हात लावायचा नाही. दुनळीच्या खटक्याच्या, म्हणजे घोडा उडवणाऱ्या यंत्रणेच्या, पाट्यांवर निळे, करडे, तपकिरी ढगांसारखे रंग कुठे शिल्लक असतील तर तेही जपा. केस हार्डनिंगचे, म्हणजे लोखंडाचा वरचा थर कठीण करताना उमटलेले, ते रंग अतिशय पातळ असतात, आणि पितळ चकचकीत करायच्या पॉलिशने एका बैठकीत निघून जातात.

आता मे महिना. तुमच्या भागात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत उघडं लोखंडसुद्धा सहजी गंजत नाही. गंजाला जोर येतो तो आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की. मग ओल आली कुठून? झोपायच्या खोलीत कूलर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावायला तयार आहे. खिडक्या बंद आणि कूलर रात्रभर सुरू, की खोलीतली आर्द्रता सहज सत्तरच्या वर जाते. बाहेर रान भाजत असतं आणि कपाटातल्या बंदुकीपुरता मात्र श्रावण सुरू झालेला असतो.

त्यात तुमचं गाव खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. कूलरच्या वुडवूलवर पांढरी पुटं चढतात ती क्षारांची. पंख्याच्या जोराने पाण्याचे बारीक तुषार खोलीत येतात आणि त्यांच्याबरोबर हे क्षारही येतात. क्षाराचा कण नळीवर बसला की तो हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेतो, आणि एरवी जी आर्द्रता चालून गेली असती तिच्यातही त्याच जागी ठिपका उमटतो. त्यामुळे तुमच्या नळीवर पसरलेला गंज न दिसता वेगवेगळे ठिपके दिसताहेत. बोटांच्या घामाचंही तसंच. घामात मीठ असतं. जुन्या दुनळीवर कधीकधी चार बोटांचे ठसे गंजात कोरल्यासारखे दिसतात. कोणीतरी उन्हाळ्यात ती उचलून पाहुण्यांना दाखवलेली असते.

चामड्याचं कव्हर हा तिसरा दोषी. कव्हर बंदूक नेण्या-आणण्यासाठी असतं. कमावलेल्या चामड्यात आम्लं आणि क्षार राहिलेले असतात, आतलं मखमली अस्तर ओल धरून ठेवतं, आणि बंद कव्हरात ती ओल नळीला चिकटून बसते. कव्हर जुनं आणि सुंदर असेल तर जपा जरूर, पण रिकामं, वेगळं.

म्हणून पहिलं काम, बंदूक कूलरच्या खोलीतून हलवा. वाड्यात मधली, जाड भिंतींची, कूलर नसलेली खोली असते, ती चांगली. पावसाच्या माऱ्याची भिंत, मोरीला लागून असलेली भिंत आणि सारवलेली जमीन टाळा. एक लहान डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, घ्या, काही शे रुपयांत मिळतो. स्वस्त यंत्र खरं बोलतं की नाही ते घरीच तपासता येतं: बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, आणि हायग्रोमीटरसोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या जवळ हवा. ७० दाखवत असेल तर तुमचं यंत्र पाच कमी सांगतं, तेवढं धरून चाला. हा प्रयोग करताना मीठ आणि बंदूक एका खोलीतसुद्धा आणू नका.

ठेवायला मला कपाटापेक्षा घट्ट झाकणाची पेटी पसंत आहे. आपल्याकडची पत्र्याची ट्रंक चालते, फक्त झाकणाच्या कडेला आतून रबराची पट्टी लावून घ्या आणि कागदाचा तुकडा अडकवून पाहा. झाकण बंद असताना तो सहज ओढता येत असेल तर हवा जाते. कुलूप हवंच, ते वेगळं सांगायला नको. आत फोम नको, आपल्या उन्हाळ्यात तो दोन-चार वर्षांत चिकट होऊन नळीला लागतो. बंदूक टेकवायला जुन्या सागाचे ठोकळे आणि त्यांवर धुवून मऊ झालेल्या, खळ नसलेल्या धोतराच्या घड्या. वर्तमानपत्र गुंडाळू नका.

पेटीत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, ठेवायचं ते पावसाळ्यासाठी. मृगापासून दसऱ्यापर्यंत बाहेर आर्द्रता कित्येक दिवस ऐंशीच्या वर असते, तेव्हा त्याचा उपयोग. किती लागेल ते पेटी किती घट्ट आहे यावर ठरतं. साधारण अर्ध्या किलोपासून सुरुवात करा आणि हायग्रोमीटर बघून वाढवा. रंग बदलणारे दाणे घेतले तर ओले झालेले कळतात. ते ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोनेक तास सुकवले की पुन्हा वापरता येतात, पण निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये किंवा तव्यावर घालू नका. नारिंगी घ्या, आणि त्यांच्यासाठीही जुनं भांडं वेगळं ठेवा. काही जण पेटीत छोटा बल्ब लावून आत ऊब ठेवतात. युक्ती खरी आहे, पण खेड्यातल्या वीजपुरवठ्यावर ती सोपवण्याइतका माझा विश्वास नाही, आणि बंद पेटीत बल्ब म्हणजे आगीचीही काळजी.

उन्हाळ्यात मात्र तेच सिलिका जेल पेटीतून काढून ठेवा. हे ऐकून पुष्कळ जण चमकतात. बंदुकीत लाकूडही आहे, आणि आपल्या हवेत लाकडाचे जे हाल होतात ते किनाऱ्यावरच्या माणसाला कळणार नाहीत. मे महिन्यात वीस टक्के, ऑगस्टमध्ये पंच्याऐंशी. अक्रोडाचा दस्ता आधी आक्रसतो, मग फुगतो, आणि त्यात घट्ट बसवलेलं लोखंड काही हलत नाही. मग दस्त्याला बारीक तडा जातो, बहुधा खटक्याच्या मागे, जिथे लाकूड सर्वांत पातळ असतं. धातूला जितकं कोरडं तितकं बरं, लाकडाला पन्नासच्या आसपास बरं. दोघांचा संसार ४५ ते ५५ टक्क्यांत होतो. तो आकडा वर्षभर स्थिर ठेवणं आपल्याला जमणार नाही, पण चढउतार हळू व्हावेत एवढं बंद पेटी नक्की करते.

आता तुमचं तेल. खोबरेल नको. ते हवेने हळूहळू खवट होतं, आपल्या हिवाळ्यात तर थिजतंच, आणि खटक्यात गेलं की धूळ धरून मेणासारखा काळा मळ होतो. मोहरीचं, तिळाचं, करडईचं, सगळ्याच खाद्यतेलांची कथा थोड्याफार फरकाने हीच. घरात पाणी उडालं, बंदूक भिजली तर डब्ल्यूडी-४० चांगलं. त्याच्या नावातच पाणी हटवण्याचा उल्लेख आहे आणि ते काम ते करतं. पण त्याचा थर पातळ असतो, पावसाळाभर त्याच्या भरवशावर राहू नका. खटक्यासाठी आणि बिजागरीसाठी चांगलं खनिज गन ऑइल घ्या. ते न मिळालं तर शिवणयंत्राचं शुद्ध तेल चालेल, पण थेंबाने.

नळ्यांच्या बाहेरच्या बाजूला, जी बंदूक फक्त जपायची आहे तिला, मी तेल लावतच नाही. मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावतो. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात असं एक मेण संग्रहातल्या वस्तूंसाठी तयार झालं, ते ‘रेनेसान्स वॅक्स’ या नावाने मागवता येतं. ते आम्लधर्मी नाही, चिकट राहत नाही, आणि धूळ बसत नाही. आपल्याकडे वारा सुटला की काळ्या मातीची बारीक धूळ आणि कापसाची तुसं घरभर होतात. तेलकट नळीवर ती बसली की तिच्यातली ओलही तिथेच राहते.

लावायची पद्धत सांगतो. कोरडा दिवस पाहा, सकाळी दहानंतर, हायग्रोमीटर पन्नासच्या खाली असताना. हातात नायट्राइलचे मोजे. सुती मोज्यांतून घाम झिरपतो. नळी आधी पांढऱ्या स्पिरिटने (मिनरल टर्पेंटाइनने) ओल्या केलेल्या कापडाने पुसा, म्हणजे वर्षानुवर्षांचं खोबरेल निघेल. कापड पिवळं-काळं येत राहील, ते पांढरं येईपर्यंत तुकडे बदला. स्पिरिट लाकडाला लागू देऊ नका, खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको. पूर्ण वाळल्यावर बोटाच्या टोकावर मावेल एवढं मेण कापडावर घेऊन एका वेळी वीतभर भागावर पसरा. थर इतका पातळ हवा की नुसती चमक मंद झाल्यासारखी वाटावी. काही मिनिटांनी कोऱ्या कापडाने हलक्या हाताने पुसा. दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेला, नक्षीकामाच्या खाचांत मेण साचू देऊ नका, तिथे मऊ दाढीचा ब्रश फिरवा. दुसऱ्या दिवशी आणखी एक थर दिला तर उत्तम. नळीच्या आत मात्र तेलच, गजाला कापड गुंडाळून, पातळ.

तेल लावलेली बंदूक उभी ठेवणार असाल तर तोंड खाली करून ठेवा. वाड्यांतल्या बहुतेक दुनळ्यांचा दस्ता खटक्याजवळ काळाकुट्ट आणि मऊ झालेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या वरून ओतलेलं तेल नळीवरून, खटक्यातून ओघळून लाकडात मुरतं आणि लाकूड जीव सोडतं. नखाने दाबून पाहा, वळ उठत असेल तर लाकूड तेल प्यायलेलं आहे. ते काढता येतं, पण सावकाश, आणि दस्ता सुटा करून. ते घरी नको, कारण त्यासाठी स्क्रू काढावे लागतात. इंग्रजी दुनळीच्या स्क्रूची खाच केसाएवढी बारीक असते, बाजारच्या पेचकसाने ती एकदाच बिघडते.

जिवंत गंजाच्या ठिपक्यांसाठी: प्रत्येक ठिपक्यावर गन ऑइलचा थेंब ठेवा आणि दिवसभर तसाच राहू द्या. मग बांबूची काडी छिन्नीसारखी तिरपी कापून तिच्या टोकाने ठिपका हळूहळू खरवडा. बांबू पोलादापेक्षा मऊ, पण सैल झालेला गंज निघण्याइतका टणक. भोवतीच्या रंगाला ओरखडा पडत नाही. टोक बोथट झालं की पुन्हा कापा. निघालेला भुगा तेलाच्या कापडाने टिपत राहा, नाहीतर तोच भुगा पेपरचं काम करेल. काडीला दाद देत नसेल तर सर्वांत बारीक, चार शून्याचं स्टील वूल, भरपूर तेलासोबत, फक्त ठिपक्याएवढ्या जागेवर. बारीक खड्डा उरला तर उरू द्या. खड्डा भरून निघेपर्यंत घासायचं म्हणजे भोवतीची सगळी नळी खाली आणायची. शेवटी स्पिरिटने पुसून मेण.

ठासणीच्या बंदुकीचा गंज वेगळ्या जातीचा असतो. काळ्या दारूची राख आणि जुन्या टोप्यांचे अवशेष हे क्षार आहेत, आणि क्षार तेलात विरघळत नाहीत. वरून कितीही तेल ओता, खाली ते नळी खात राहतात. बंदूक रिकामी असल्याची कारागिराकडून खात्री झाल्यावर नळी दस्त्यापासून सोडवून कोमट साबणाच्या पाण्याने धुणं, लगेच पूर्ण वाळवणं आणि मग तेल, हाच उपाय. पहिल्या वेळी ते त्याच्याकडूनच करून घ्या. तिच्या नळीवर किंवा बुडाशी सोन्या-चांदीच्या तारेचं काम असेल तर मात्र पाणी, काडी, वूल काहीच लावू नका. कोफ्तगिरीत खरवडलेल्या लोखंडावर तार नुसती ठोकून बसवलेली असते. गंज तिच्या खालून शिरतो, आणि घासलं की गंजाबरोबर सोनं येतं.

ओघात एक. आमच्याकडे येणारी निम्मी घराणी सांगतात की भिंतीवरची बंदूक १८०३ च्या गाविलगडच्या लढाईतली आहे. असेलही, पण तिला निपल असेल तर तशीच्या तशी ती त्या लढाईत नव्हती. तांब्याच्या टोपीची पद्धत १८२० नंतर रुळली. तोड्याची (जळत्या वातीची) किंवा चकमकीची (गारेच्या ठिणगीची) बंदूक नंतर टोपीची करून घेतल्याच्या खुणा मात्र पुष्कळ दिसतात. त्या असतील तर फारच उत्तम, आणि घासायला आणखी मोठी बंदी.

दस्त्याला काय लावायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विदर्भात घरोघरी जवस असल्यामुळे कोणीतरी जवसाचं तेल सुचवणारच. जुन्या इंग्रजी दस्त्यांना मुळात तेच लावलेलं असायचं. दस्ता अगदीच कोरडा, पांढुरका पडला असेल तर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब तळहाताने चोळून जिरवायला हरकत नाही. दरवर्षी थर चढवू नका, लाकूड काळं आणि चिकट होतं. नाहीतर तेच मायक्रोक्रिस्टलाइन मेण लाकडालाही चालतं आणि मी आता बहुतेक वेळा तेच वापरतो. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका. वाळताना हे तेल तापतं, आणि बोळ्यात ती उष्णता कोंडून चिंधी आपोआप पेटते. आपल्या ४५ अंशांत तर अधिकच. अंगणात एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. चकचकीत पीयू पॉलिश दस्त्याला मारून आणलेल्या दुनळ्या पाहिल्या की मला अजूनही राग येतो.

वर्षातले दोन प्रसंग आपल्याकडचे खास. एक दसरा. शस्त्रपूजनात नळीवर पाणी शिंपडतात, हळदकुंकू लावतात, वर झेंडूची फुलं ठेवतात, आणि संध्याकाळी सोनं द्यायला निघायच्या घाईत ती तशीच राहते. दिवाळीच्या साफसफाईत पाहावं तर बोटभर लांबीचा लाल डाग. पूजा अवश्य करा. बंदूक पाटावर कोऱ्या कापडावर ठेवा, हळदकुंकू आणि अक्षता पुढच्या विड्याच्या पानावर वाहा, फुलं पाटाच्या कडेने. आमच्या घरी असंच करतात आणि आजवर कोणी भटजींनी हरकत घेतलेली नाही. पावसाळा संपताना ती बाहेर निघालेलीच असते, तर त्याच दिवशी तपासणीही उरकते.

दुसरा प्रसंग निवडणूक. आचारसंहितेत बंदूक जमा करायचा आदेश आला की ती कित्येक आठवडे कोणत्या तरी खोलीत इतर बंदुकांबरोबर उभी राहणार, आणि तिथे आपल्या हायग्रोमीटरला कोणी विचारणार नाही. देण्याआधी मेणाचा ताजा थर द्या, खटक्यावर आणि नळीच्या तोंडाशी पेट्रोलियम जेलीचं पातळ बोट फिरवा, सुती कापडात गुंडाळा, चामडी कव्हर देऊ नका. शिक्के, नक्षी आणि दस्ता दिसतील असे फोटो काढा आणि पोचपावतीवर बंदुकीची स्थिती लिहून घ्यायची विनंती करा. परत आली की त्याच संध्याकाळी सगळी पुसून पुन्हा मेण. शंभर हात लागून आलेली असते.

राहता राहिलं ब्ल्यूइंग. माझं मत स्पष्ट आहे, करू नका. पण उद्या कोणी आग्रहाने करायला लावलंच तर निदान हे पाहा की तो कारागीर गरम कॉस्टिक क्षारांच्या टाकीत नळ्या बुडवणार नाही. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधल्या पट्ट्या मऊ डागाने (सोल्डरने) जोडलेल्या असतात. ते द्रावण डाग खातं, सांध्यात शिरून बसतं, आणि पुढे वर्षभर आतून गंज बाहेर फेकत राहतं. दमास्कस नळ्यांना योग्य काम एकच, जुन्या पद्धतीचं हळू ब्राउनिंग, म्हणजे वर सांगितलेली तपकिरी थर चढवण्याची रीत. ते येणारे लोक फार थोडे आहेत, आणि त्यांतला चांगला माणूस तुमच्या नळ्या पाहून बहुधा ‘राहू द्या’ म्हणेल. नळ्यांत फुगार किंवा दबलेली जागा आहे का, सांधे सुटलेत का, हे मात्र त्याच्याकडून एकदा तपासून घ्या. आणि या नळ्यांत आजचं काडतूस घालायचं नाही, हौस म्हणून एकसुद्धा नाही. त्या काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेल्या होत्या, आणि आतून त्यांचं काय झालंय ते बाहेरून दिसत नाही.